खामच्या दोन काठांवर

आमच्या शहराला नावांची कधी वाण पडली नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या खेड्याच्या जागी राजधानी वसवली, तेव्हा ते खडकीच होते. १६२६ मध्ये अंबर वारला आणि त्याचा मुलगा फतेहखान याने त्याचे फतेहनगर केले. १६५३ मध्ये शहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा इकडे आला आणि औरंगाबाद हे नाव रूढ झाले. मुघल दफ्तरांत ‘खुजिस्ता बुनियाद’, म्हणजे शुभ पायाचे शहर, असाही उल्लेख सापडतो. २०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आणि २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाच्या पाटीवरही ते आले. या लेखात आम्ही ज्या काळाची हकीकत सांगू, त्या काळाचे नाव वापरू.

एवढ्या उलथापालथीत एक नाव मात्र कोणीही बदलले नाही. ते नाव खाम नदीचे. जटवाड्याच्या डोंगराकडून येणारी ही छोटी नदी जुन्या शहराला उजवीकडे ठेवावे की डावीकडे, या वादात न पडता चारशे वर्षे त्याच्या कडेने वाहते आहे आणि पुढे गोदावरीला मिळते. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर तिला नदी म्हणावे की नाला, असा प्रश्न आज परगावच्या माणसाला पडतो. परंतु आमच्या शहराचा इतिहास दरवाजांच्या यादीपेक्षा या नदीच्या काठाने चालत गेले तर अधिक नीट समजतो, असे आमचे मत बनले आहे. कारण या नदीच्या एका काठावर तटबंदीचे शहर आहे आणि दुसऱ्या काठाला इंग्रजांची छावणी. मधे पूल आहेत. त्या पुलांवरून कोण गेले, कोण आले आणि कोणाला येऊ दिले नाही, हाच खरा इतिहास आहे.

हे आज सांगण्याचे कारण आहे. आमच्या शहराच्या वास्तूंविषयी सध्या दोनच सूर ऐकू येतात. एक सूर म्हणतो, हे सगळे परक्यांचे आहे. दुसरा सूर आमच्याच घरातून निघतो आणि म्हणतो, हे सगळे आमच्या बादशहांचे आहे. दोन्ही सुरांत ते बांधणारा गवंडी नाही, नहर खोदणारा मजूर नाही, हिमरू विणणारा मोमीन नाही. बादशहा तर कधीच गेले. मागे राहिले ते या लोकांचे वंशज.

हबशी वजिराचे पाणी

मलिक अंबर स्वतः परदेशातून आलेला होता, पण तो जिंकायला आलेला नव्हता. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान आणि बगदादच्या बाजारांतून फिरत दख्खनमध्ये पोहोचला आणि अहमदनगरच्या चंगेजखान पेशव्याच्या पदरी आला. पुढे तोच निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. त्याच्या फौजेत हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मराठे होते. मालोजी आणि शहाजी भोसले याच निजामशाहीचे सरदार. नव्या राजधानीतील मालपुरा, खेलपुरा, विठापुरा, परसपुरा ही वस्त्यांची नावे मालोजी, खेलोजी, विठोजी, परसोजी या भोसल्यांवरून पडली, असे इतिहासकार सांगतात. शहराच्या पायाभरणीतच मराठी नावे आहेत, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांनी आम्हाला कधी सांगितली नाही.

अंबरच्या छावणीत आलेल्या एका पाहुण्याची येथे आठवण करणे उचित ठरेल. पीटर व्हान डेन ब्रूक हा डच व्यापारी. १६१७ मध्ये सुरतेजवळ जहाजे फुटल्यावर तो खुष्कीच्या मार्गाने मछलीपट्टणला निघाला आणि वाटेत मलिक अंबरला भेटला. त्याने अंबरचे लिहून ठेवलेले वर्णन आजही अभ्यासक वापरतात. हाच माणूस १६१९ च्या आरंभी जावा बेटावर जायकर्ताच्या डच किल्ल्यात होता. त्याच वर्षी डचांनी ते शहर जाळले आणि चिलिवुंग नदीच्या मुखाशी बटाव्हिया उभारले. म्हणजे ज्या डोळ्यांनी खडकीचा वजीर पाहिला, त्याच डोळ्यांनी इंडोनेशियातल्या वसाहती राजधानीचा जन्मही पाहिला. दख्खन आणि जावा ही त्या काळच्या व्यापाऱ्याला एकाच दर्यावरची दोन बंदरे वाटत. आपल्याला ती दूर वाटतात, ती नंतरच्या नकाशांमुळे.

१६१६ मध्ये रोषणगावच्या लढाईनंतर मुघल फौजांनी खडकी लुटून उद्ध्वस्त केली. अंबरने ती पुन्हा उभी केली. भडकल दरवाजा आणि जामा मशीद ही त्याच्या काळाची आजही उभी असलेली साक्ष. परंतु त्याचे खरे काम जमिनीखाली आहे. खाम नदी बारमाही नाही, तिच्या भरवशावर राजधानी जगणार नाही, हे त्याने ओळखले होते. म्हणून हर्सूलच्या बाजूला, शहरापेक्षा उंच जमिनीत, झिरपणारे पाणी गोळा करून ते भुयारी मार्गाने शहरात आणण्यात आले. हीच नहर-ए-अंबरी. बांधीव दगडी मार्ग, पुढे खापरी नळ, मधूनमधून हवा सुटण्यासाठी आणि गाळ बसण्यासाठी उंच मनोरे, अशी तिची रचना होती. पाणी उपसायला बैल लागत नसत. उतार हेच तिचे इंजिन.

पुढे याच पद्धतीने आणखी नहरी निघाल्या. बेगमपुऱ्यात थत्ते नहर आली, तिच्या नावाचा हौद आजही लोक दाखवतात. एका हबशी वजिराने सुरू केलेल्या जलविद्येला पुढे थत्ते हे आडनाव चिकटावे, यात आमच्या शहराचा स्वभाव दिसतो. पाण्याला धर्म नसतो हे वाक्य सभांतून फार वापरले जाते. आम्ही एवढेच म्हणू, की नहरीची डागडुजी करणाऱ्या माणसाला ते वाक्य म्हणण्याची गरजच पडत नव्हती.

नदीवरचे दरवाजे

औरंगजेबाच्या काळात, १६८२ मध्ये, शहराला तटबंदी झाली. चार दिशांना चार मोठे दरवाजे. उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण आणि पश्चिमेला मक्का. यांतला मक्का दरवाजा, त्याच्या जवळचा महमूद दरवाजा आणि बारापुल्ला हे तीन खामच्या अंगाचे. यांचे वैशिष्ट्य असे, की दरवाजा आणि पूल ही एकच वास्तू आहे. कमानीतून माणूस बाहेर पडतो तो थेट नदीवर. पुलाचा हिशेब कमानींत, म्हणून बारा कमानींचा तो बारापुल्ला.

तटाबाहेर पुरे वसले. बेगमपुरा, मिर्झा राजा जयसिंहाचा जयसिंगपुरा, बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा कर्णपुरा, पदमसिंहाचा पदमपुरा. राजपूत सरदार मुघल चाकरीत आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची दैवतेही आली. कर्णपुऱ्याच्या देवीची नवरात्रातली यात्रा आज मराठवाड्यातली मोठी यात्रा आहे. मुघल छावणीतून जन्मलेली ही मराठी यात्रा ‘परके’ आणि ‘आपले’ यांच्या सोप्या वाटणीत कोठे बसवायची, हे कोणी सांगावे.

बीबी का मकबरा याच काळातला. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू १६५७ मध्ये वारली, तिची ही कबर. ‘दख्खनचा ताज’ म्हणून पर्यटक येतात, ताजमहालाशी तुलना करतात, थोडे नाक मुरडतात आणि जातात. त्यांनी प्रवेशद्वारावरचा कोरीव लेख वाचला तर बरे होईल. तिथे दोन नावे आहेत, रचनाकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय. मोठ्या मुघल वास्तूवर बांधणाऱ्यांची नावे इतक्या स्पष्टपणे क्वचितच सापडतात. आमच्या मकबऱ्यावर ती आहेत, आणि त्यांत एक मुसलमान व एक हिंदू आहे.

खामच्या काठची सर्वांत सुंदर जागा मात्र पाणचक्की. बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांची ही खानकाह. सुमारे सहा किलोमीटरवरून भुयारी नळाने आलेले पाणी उंच भिंतीवर चढते, तेथून हौदात कोसळते आणि त्या जोराने दगडी जाते फिरे. फकीर, मुसाफिर आणि विद्यार्थी यांच्यासाठी पीठ दळले जाई. हौदाखाली प्रशस्त दालन आहे, म्हणजे वरच्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत. उन्हाळ्यात तिथला गारवा अनुभवलेल्या माणसाला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. या खानकाहचा ग्रंथसंग्रह नावाजलेला होता आणि तिच्या पिरांची ‘मल्फूजात-ए-नक्शबंदिया’ ही फारसी चरित्रकथा प्रसिद्ध आहे. तिच्यात बादशहा कमी आणि शिपाई, व्यापारी, कारागीर, भुकेले प्रवासी जास्त भेटतात. सत्ता आणि खानकाह शेजारी शेजारी होत्या, पण पिठाची चक्की खानकाहची होती.

नदीपलीकडची पलटण

१७२४ नंतर निजाम-उल-मुल्क आसफजाहने औरंगाबादेतूनच दख्खनचा कारभार पाहिला. १७६३ मध्ये निजाम अलीखानाने राजधानी हैदराबादला नेली आणि शहराचा दरबार सुना झाला. सरदार गेले, त्यांच्याबरोबर गिऱ्हाईक गेले. हिमरू आणि किनखाब विणणाऱ्यांना राजधानी हलण्याचा अर्थ कोणत्याही इतिहासकारापेक्षा लवकर समजला असेल.

ही पोकळी भरली ती इंग्रजांनी. १८०३ च्या ऑगस्टअखेर आर्थर वेलस्ली अहमदनगरचा किल्ला घेऊन औरंगाबादेत पोहोचला आणि २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली जी हैदराबाद कंटिंजंट फौज उभी राहिली, तिचे एक महत्त्वाचे ठाणे खामपलीकडे वसले. तीच आमची छावणी. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा कर्ता मेडोज टेलर १८२४ मध्ये कोवळ्या वयात निजामाच्या नोकरीत दाखल झाला, तोही याच औरंगाबादेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मुंबई-पुण्याप्रमाणे औरंगाबादेवर युनियन जॅक थेट फडकत नव्हता. राज्य निजामाचे, फौजेचा पगार निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. या पगाराच्या थकबाकीपोटीच १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. म्हणून आमच्या शहरातली वसाहती वास्तुकला शहराच्या मध्यभागी टाऊन हॉल आणि सचिवालय होऊन बसली नाही. ती नदी ओलांडून, थोडी दूर, स्वतःचे वेगळे गाव करून राहिली.

दोन गावांची तुलना करावी. तटाच्या आत गल्ल्या वळणाच्या, घरांची तोंडे आतल्या अंगणाकडे, चौकात मशीद, मशिदीपाशी हौद, हौदाला नहरीचे पाणी. छावणीत रस्ते सरळ, मधे कवायतीचे मैदान, बंगल्यांना चहूबाजूंनी ओसरी आणि आवार, गिर्जाघर, अधिकाऱ्यांची वस्ती एकीकडे आणि सदर बाजार दुसरीकडे. शहरातल्या घराचा श्रीमंतपणा आत गेल्यावर कळतो. बंगल्याचा श्रीमंतपणा रस्त्यावरून दिसतो आणि आत जाता येत नाही. ‘बंगला’ हा शब्द आणि ते घर मुळात बंगालच्या झोपडीवरून घेतलेले, हे मात्र साहेब विसरले आणि आपणही.

तरी छावणी स्वतःच्या पायावर कधीच उभी नव्हती. भिश्ती, धोबी, नालबंद, खाटीक, शिंपी, खानसामा, घोड्यांना चारा पुरवणारा शेतकरी, हे सगळे बारापुल्ला ओलांडून येणारे लोक. छावणीचा गुरुवारचा बाजार ही त्या काळाची जिवंत खूण. साहेब गेले, पलटण बदलली, बाजार राहिला.

१८५७ च्या जूनमध्ये कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यात असंतोष उफाळला. जनरल वुडबर्नची फौज अहमदनगरहून आली आणि बंड मोडले. मीर फिदा अली याला फाशी झाली, काहींना गोळ्या घातल्या गेल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले गेले. जिथे ही शिक्षा झाली तो काळा चबुतरा. त्याच जागेला आज आपण क्रांती चौक म्हणतो. रोज हजारो वाहने तेथून जातात. मीर फिदा अलीचे नाव त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? आणि आमच्या मोहल्ल्यांतल्या किती मुलांना? आमचे वडीलधारे म्हणतात की या देशासाठी आम्हीही रक्त दिले. खरे आहे. पण नाव सांगायची वेळ आली की आम्ही चाचपडतो.

रुळ, गिरणी आणि किताबें

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सालारजंगच्या सुधारणांनंतर औरंगाबादला पुन्हा सुभ्याचे ठिकाण म्हणून मान मिळाला. १८८९ मध्ये कापड गिरणी उभी राहिली. १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग मनमाडकडून येथे पोहोचला. स्थानक जुन्या शहरापासून दूर, नैर्ऋत्येला. नदीने शहर आणि छावणी वेगळी केली होती, रुळांनी तिसरे गाव जोडले. शहराचा मध्य तेव्हापासून सरकू लागला. शहागंजचा टॉवर घड्याळाचे ठोके देऊ लागला, तेव्हा अजानच्या वेळेवर चालणाऱ्या बाजाराला आगगाडीची वेळही पाळावी लागली.

याच निजामी औरंगाबादेत मौलवी अब्दुल हक शिक्षण खात्यात अधिकारी होते, पुढे येथील कॉलेजचे प्राचार्य झाले. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय १९३८ मध्ये दिल्लीला जाईपर्यंत दोन दशकांहून अधिक काळ येथे होते आणि १९२१ मध्ये ‘उर्दू’ हे त्रैमासिक येथूनच सुरू झाले. उर्दू भाषेच्या आधुनिक अभ्यासाची एक राजधानी खामकाठी होती, हा अभिमानाचा भाग. त्याच्या दुसऱ्या बाजूकडेही पाहिले पाहिजे. त्याच राज्यात बहुसंख्य मराठी मुलांना सरकारी शिक्षण उर्दूतून घ्यावे लागे. ही तक्रार खरी होती आणि ती फक्त हिंदूंची नव्हती. ज्यांच्या घरी बाजारात, शेतात, बलुत्यात मराठीच बोलली जाई, अशा गावगाड्यातल्या मुसलमानांचीही ती होती. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा जो प्रश्न व्यासपीठावर आला, त्याचे एक मूळ येथे आहे.

पण दोन भाषांचे हे भांडण फार जुने नाही. अठराव्या शतकात याच शहरात सिराज औरंगाबादी गझला लिहीत होता आणि याच शहरात मध्वमुनीश्वरांचा शिष्य अमृतराय आपले कटाव रचत होता. अमृतरायाच्या रचनेत मराठीबरोबर हिंदुस्थानीही सहज येते. दोघांच्या हयातीची वर्षे एकमेकांत गुंतलेली आहेत. एका गल्लीत कव्वाली आणि दुसऱ्या गल्लीत कीर्तन अशी ती रात्र आम्ही कल्पनेनेच पाहू शकतो. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखा फारसी आणि उर्दू जाणणारा मराठी इतिहासकार हैदराबाद राज्यानेच घडवला, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यांनी मुघल दफ्तर मराठीत आणले. आमच्यातून असे किती जण निघाले?

मुसी नदीचे उदाहरण

वर जावा बेटाचा उल्लेख आला. शेजारच्या सुमात्रा बेटावर पालेम्बांग हे मुसी नदीकाठचे शहर आहे. कोकणातील आमच्या बांधवांप्रमाणेच तिकडचे लोक शाफई पंथाचे. तिथल्या सुलतानांनी १७३८ ते १७४८ या काळात मोठी मशीद बांधली, तिच्या छपरात चिनी वळण आहे आणि रचनेत युरोपीय हातही दिसतो. १८२१ मध्ये डचांनी शहर जिंकले, सुलतानाचा जुना वाडा पाडला आणि त्या जागी आपल्या अधिकाऱ्याचे निवासस्थान बांधले. त्याचे छप्पर मात्र स्थानिक धाटणीचे ठेवले. पुढे १९२८ ते १९३१ या काळात त्यांनी नळाच्या पाण्यासाठी टाकीची उंच इमारत उभारली.

आज त्या निवासस्थानात पालेम्बांगच्या सुलतानाच्याच नावाचे संग्रहालय आहे आणि पाण्याच्या टाकीच्या इमारतीत महापौरांचे कार्यालय. ज्यांनी वाडा पाडला त्यांची इमारत तेथील लोकांनी पाडली नाही, तिला कामाला लावले. तिथल्या बायका जरीचे सोंगकेत विणतात, त्याच्या नक्षीत हिंदी, अरबी आणि चिनी व्यापाराच्या खुणा अभ्यासक दाखवतात. परक्याचे काय ठेवायचे आणि काय टाकायचे, याचा निवाडा त्यांनी वापरातून केला. हे सगळे तिकडे गोडीगुलाबीने झाले असे नाही. डचांशी त्यांना रक्तरंजित लढा द्यावा लागला. पण लढा संपल्यावर त्यांनी इमारतींवर सूड उगवला नाही.

आमच्या सोंगकेतचे नाव हिमरू. सुती ताणा, रेशमी बाणा. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली, तेव्हा ही कला आली असे परंपरा सांगते. मश्रू त्याचाच भाऊ. बाहेर रेशीम, अंगाला लागते ते सूत. पुरुषाने अंगाला निव्वळ रेशीम लावू नये हा शरियतचा दंडक, आणि रेशमाची हौस तर आहे, मग विणकराने मधली वाट काढली. मश्रू म्हणजेच शरियतला मंजूर. फिक्ह आणि हातमाग यांची एवढी सुंदर तडजोड आम्हाला दुसरीकडे दिसली नाही. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात हातकागद होई, तो दफ्तरांत जाई. नान-खलियाची डेग लग्नात चढते, तीही लोक तुघलकाच्या लष्कराशी जोडतात. तो भटारखाना आजही चालतो, हातमाग मात्र बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. यंत्रमागावरचा माल हिमरू म्हणून विकला जातो आणि पर्यटक तो आनंदाने घेऊन जातो.

आमच्या वाट्याचे काम

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद राज्य भारतात विलीन झाले. रझाकारांच्या अत्याचारांनी होरपळलेल्या मराठवाड्याला मोकळा श्वास मिळाला. त्यानंतरच्या दिवसांत अनेक निरपराध मुस्लिम कुटुंबांनीही सोसले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच श्वासात सांगता आल्या पाहिजेत. आमच्या आधीच्या पिढीने दुसरी गोष्ट सांगितलीच नाही, पहिली ऐकताना मान खाली घातली. त्या मौनात शहराचा इतिहासही बुडाला. नहर कोठून जाते, कोणत्या कमानीखाली कोणता मोहल्ला होता, कोणाच्या आजोबांचा माग कोठे होता, हे सांगणारी माणसे न सांगताच गेली.

१९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खामपलीकडे, छावणीच्या शेजारी, महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद. ज्या पुलावरून भिश्ती साहेबाच्या बंगल्यावर पाणी घेऊन जात, त्याच पुलावरून दलित, मुस्लिम आणि गरीब मराठा मुले पुस्तके घेऊन जाऊ लागली. नदीपलीकडच्या जागेचा अर्थ इतक्या अल्प काळात एवढा बदलला. वास्तू आणि जागा यांचा अर्थ बांधणाऱ्याच्या हेतूवर संपत नाही, पुढचे लोक तो ठरवतात, याचे याहून मोठे उदाहरण आमच्या शहरात नाही.

आजचे चित्र मिश्र आहे. बावन्न दरवाजांपैकी थोडेच उभे आहेत. जालना दरवाजा केव्हाच गेला. मक्का आणि महमूद दरवाजांच्या कमानींतून गाड्यांची रांग लागते आणि कोंडी झाली की दरवाजाच पाडा अशी सूचना कोणीतरी करते. दुसरीकडे २०२१ पासून खाम नदी स्वच्छ करण्याचे काम सुरू झाले, त्यात सर्व थरांतले लोक उतरले. जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले, शहर आज त्याच्या पाण्यावर जगते, आणि नळाला पाणी किती दिवसांनी येते हे शहरवासीयांना विचारावे. शहराचे सांडपाणी खाममधून त्याच जलाशयाच्या दिशेने जाते. उतारावर पाणी आणणाऱ्या मलिक अंबरला हा हिशेब समजावून सांगणे कठीण गेले असते.

मग आपण काय करावे? शहराच्या नावाविषयी ज्याला जे म्हणायचे ते त्याने न्यायालयात, सभेत, मतपेटीत म्हणावे, तो प्रत्येकाचा हक्क आहे. परंतु कोणतेही नाव असले तरी नहरीतला गाळ तोच राहणार. तो काढायला लागणारी माहिती आमच्या घरांत आहे. दर्ग्यांच्या सनदा ट्रंकांत वाळवी खात पडल्या आहेत, त्यांतल्या कित्येक फारसीबरोबर मोडीतही आहेत. मोडी वाचणारी दोन-चार मुले आमच्यातून तयार झाली पाहिजेत. हिमरूचा शेवटचा कारागीर हयात आहे तोवर त्याच्याकडून नक्षीची नावे, मागाच्या भागांची नावे मराठीत लिहून घेतली पाहिजेत. उर्दूत आमच्या शहराबद्दल पुष्कळ लिहिले गेले. ते मराठीत आले नाही, म्हणून शेजाऱ्याला ते कळले नाही, आणि मग शेजाऱ्याने दुसऱ्या कोणी सांगितलेले खरे मानले तर दोष एकट्या त्याचा कसा?

आमच्या मुलांना मकबरा दाखवायला नेताना त्यांना औरंगजेबाविषयी प्रश्न पडणारच, ते टाळू नयेत, अभ्यास करून उत्तर द्यावे. पण त्याबरोबर अताउल्लाह आणि हंसपत राय यांची नावे त्यांच्याकडून पाठ करून घ्यावीत. क्रांती चौकातून जाताना मीर फिदा अलीचे नाव सांगावे. पाणचक्कीच्या हौदापाशी उभे राहून, ते पाणी किती लांबून, कोणत्या युक्तीने आणि कोणाच्या पिठासाठी येत होते, हे समजावून सांगावे. आणि परत येताना बारापुल्ल्यावर क्षणभर थांबून खाली नदीत काय वाहते आहे तेही दाखवावे.